रामबागेतलं जुनं घर, किटकॅटचा बोर्ड आणि घराचा विमा: दोन्हीचा अनुभव

आधी स्टार सांगून टाकते, लोकांच्या रिव्ह्यूत खाली खाली जाऊन आकडा शोधायचा मला स्वतःलाच कंटाळा येतो. बोर्ड आणि वायरिंग बदलून देणारा मिस्त्री, पाचपैकी साडेचार. घराचा विमा, पाचपैकी तीन. विमा विकणारा एजंट, एक, आणि तो एकही घरी येऊन फॉर्म भरून नेला म्हणून. नावं कुणाचीच टाकत नाहीये. मिस्त्रीने हात जोडून सांगितलंय की आंटी लग्नसराई संपेपर्यंत कुणाला नंबर देऊ नका, आणि विम्याचं म्हणाल तर पुढे कळेलच की कंपनी कुठली याने फारसा फरक पडत नाही.

घर इंदूरला रामबागेत, सासऱ्यांनी १९६४ साली बांधलेलं. खाली चार खोल्या, वरच्या दोन १९८६ मध्ये चढवल्या, त्यांचं मीटर वेगळं. पॅसेजमध्ये दाराच्या मागे लाइटचा बोर्ड, म्हणजे सागवानी पेटी, आत लोखंडी मेन स्विच ज्याचा खटका ओढायला दोन हात लागायचे, आणि चिनी मातीच्या सहा किटकॅट, म्हणजे हाताने ओढून काढायचे जुने फ्यूज. पेटीच्या दारावर दरवर्षी कालनिर्णय टांगायचं. माझं लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी ती पेटी फक्त फ्यूज गेला की उघडलेली आहे, तेही मेणबत्ती धरायला. भिंतींवरून लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपा मारून गेलेली वायर, रंग देताना तिच्यावरूनच रंग द्यायचा, इतक्या वेळा दिलाय की वायर आणि पट्टी एकच झालेली. रामबाग, नारायणबाग, स्नेहलतागंज, इकडच्या जुन्या घरांत हे अजून कित्येक ठिकाणी दिसेल, तुमच्याही घरी असेल तर आधी वाचा आणि मग कॅलेंडर हलवून बघा.

वास आला तो नवरात्रात, अष्टमीला. वर पाहुणे, खाली गीझर चालू, स्वयंपाकघरात मी पुरण मिक्सरमधून काढत होते आणि आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या खोलीत नणंदबाई साडीला इस्त्री करत बसल्या होत्या. पॅसेजमधून जाताना मला मासळीसारखा वास आला. आमच्या घरात मासळी येतच नाही त्यामुळे लगेच लक्षात आलं की हे काहीतरी वेगळं आहे, नाहीतर देशमुखीण बाईंकडच्या वासात तो मिसळून गेला असता. पुढे मिस्त्रीने सांगितलं की बेकलाइट तापलं की असाच वास येतो, लोक उंदीर मेला समजून कपाटं ओढत बसतात. मी कॅलेंडर काढलं, पेटी उघडली, तर तिसऱ्या किटकॅटचा पांढरा रंग एका कडेने चहासारखा झालेला, आणि तिच्या वर जाणाऱ्या वायरला बोट लावलं नाही तोच वरचं आवरण पापडाच्या चुऱ्यासारखं खाली पडलं. आतली तार उघडी. बोट लावायला नको होतं हे मला आता सांगू नका, ह्यांनी सांगून झालंय, चार दिवस.

गल्लीतला नेहमीचा माणूस बोलावला. त्याने किटकॅट ओढून काढली आणि मी पहिल्यांदा नीट पाहिलं की तिच्यात फ्यूजची तार नव्हतीच, टेबलफॅनच्या वायरमधल्या सात-आठ तारा पिळून घातलेल्या होत्या. उन्हाळ्यात सारखा फ्यूज उडायचा तेव्हा त्यानेच घातल्या होत्या, आणि म्हणाला होता, अब नहीं उडेगा आंटी. शब्दाचा पक्का माणूस, खरंच उडाला नाही. आता फ्यूज म्हणजे काय तर सगळ्या लाइनीत मुद्दाम ठेवलेली सगळ्यात कच्ची जागा, जे वितळायचं ते तिथे वितळावं, भिंतीत नको. एरवीसुद्धा किटकॅटची तार तिच्यावर लिहिलेल्या अँपच्या जवळजवळ दुप्पट करंट होईपर्यंत तग धरते, त्यात ही जाड तार घातली की कच्ची जागा मग भिंतीवरची वायर झाली. आमची वायर जुन्या मापाची तीन-बावीस, म्हणजे आजच्या हिशोबाने सव्वा स्क्वेअर एमएमच्या आसपास, लाइट-पंख्यांसाठी टाकलेली. त्या दिवशी तिच्यावर दोन हजार वॉटचा गीझर, हजार वॉटची इस्त्री आणि साडेसातशेचा मिक्सर, म्हणजे सोळा अँपच्या वर. १९६४ मध्ये या घरात चार बल्ब, दोन पंखे आणि एक रेडिओ होता, वायरीचा काही दोष नाही.

मला वाटतं तेवढ्यावर मी अजून एक तार बदलून घेऊन गप्प बसले असते. पण त्याच आठवड्यात धाकट्या दिरांचा फोन आला, ते न्यू जर्सीत असतात, तिकडे १९६८ सालचं घर घेतलंय. म्हणाले वहिनी, इकडे विमा कंपनीने पत्र पाठवलंय की तुमचा इलेक्ट्रिकचा डबा बदलला नाही तर पॉलिसी पुढे चालू ठेवणार नाही. मला आधी गंमत वाटली, विमावाल्यांना डब्याशी काय करायचंय. तर तिकडे ही नेहमीची गोष्ट आहे म्हणे. घर घेताना इन्स्पेक्टर येतो, पॅनलचं झाकण उघडतो आणि आधी कंपनी बघतो, कारण १९५० पासून १९८० च्या दशकापर्यंत तिकडे फेडरल पॅसिफिकचे स्टॅब-लॉक म्हणून ब्रेकर, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारे स्विच, लाखो घरांत बसले, आणि पुढे तपासण्यांत दिसलं की त्यातले बरेच ओव्हरलोड होऊनही ट्रिपच होत नाहीत. तिथल्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाने चौकशी केली आणि १९८३ मध्ये ठाम काही न सांगता बंद केली, पैसे कमी पडले म्हणून. नंतर न्यू जर्सीच्याच कोर्टात कंपनीने टेस्टिंगच्या बाबतीत फसवणूक केली असं ठरलं. दिरांच्या घरी निघाला तो मात्र ब्रेकरचा नव्हेच, साठ अँपचा फ्यूजचा डबा, पण विमा कंपनीला तोही नको. दोन हजार डॉलरच्या वर गेले त्यांचे, फोनवर अर्धा तास तेच.

मी फोन ठेवला आणि आमची पॉलिसी काढली. तीन वर्षांपूर्वी घेतलेली, वाचली कधीच नव्हती. फॉर्मची झेरॉक्स पाहिली, घराचं वय विचारलंय, भिंती पक्क्या की कच्च्या विचारलंय, छत कशाचं ते विचारलंय. बोर्डाबद्दल, वायरिंगबद्दल एक ओळ नाही. माझी खरी तक्रार या पूर्ण प्रकरणात हीच आहे. तिकडे पत्र आल्यावर माणसाला निदान कळतं तरी, आपल्याकडे फॉर्म काही विचारत नाही आणि आपण समजतो विचारलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

पॉलिसीचं नाव भारत गृह रक्षा. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, घराच्या आगीसाठी सगळ्या जनरल विमा कंपन्यांना ही ठरावीक पॉलिसी ठेवायला लावली, तिचा मजकूर सगळीकडे तोच, हप्ता तेवढा कमीजास्त. म्हणून वर म्हटलं की नावाने फरक पडत नाही. तीन स्टार कशाचे ते सांगते. घराची रक्कम बाजारभावाने धरत नाहीत, जमिनीची किंमत त्यात नसते, आज तेवढं घर परत बांधायला किती लागेल तो खर्च धरतात, कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर. घरातल्या सामानाचं वेगळं काही लिहिलं नाही तरी घराच्या रकमेच्या २० टक्के सामान आपोआप धरलं जातं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. आणि रक्कम थोडी कमी लिहिली गेली म्हणून क्लेममधून त्या प्रमाणात कापून घेत नाहीत, जे आधीच्या पॉलिस्यांत व्हायचं आणि लोक रडायचे. घर राहण्यासारखं उरलं नाही तर दुसरीकडे राहायचं भाडंही बसतं त्यात. आमचा हप्ता वर्षाला दोन हजारांच्या आत आहे, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत चौघं जाऊन मनसोक्त खाऊन आले तर उडतील तेवढे. दागिने मात्र आपोआप नसतात, ते वेगळे लिहायला लागतात आणि वेगळे पैसे.

आता गेलेले दोन स्टार. मागच्या वर्षी पावसाळ्यात खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, तुटला आणि घरात तीनशेच्या वर व्होल्टेज आलं. ट्यूबलाइट एकदम दिवाळीसारख्या झाल्या, ह्यांनी ओरडून मेन खेचेपर्यंत फ्रिज, टीव्ही आणि पाण्याचं फिल्टर गेलं. क्लेम टाकला. सर्व्हेअर आला, सज्जन माणूस, चहा घेतला, आणि त्याने पॉलिसीतलं एक कलम काढून दाखवलं. विजेवर चालणारं यंत्र शॉर्ट सर्किटने, जास्त व्होल्टेजने, ठिणगीने किंवा स्वतःच तापून गेलं तर त्या यंत्राचे पैसे नाहीत. आकाशातली वीज पडून गेलं तरी त्या यंत्राचे नाहीत. पण त्या यंत्रामुळे आग लागून बाकीचं जळलं तर बाकीच्याचे आहेत. मी विचारलं म्हणजे फ्रिज जळाला आणि मागचा पडदा पेटला असता तर? म्हणाला, पडद्याचे मिळाले असते. आई सोफ्यावर बसून ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, मग पडदा तरी नवा लावायचा होता गं. हे कलम लबाडीचं नाहीये, यंत्रांसाठी वेगळा विमा मिळतो, पण मला आधी कुणी सांगितलं नाही आणि मी वाचलं नाही, अर्धा अर्धा दोष.

जाताना त्या सर्व्हेअरने कॅलेंडर बाजूला करून बोर्डाचा फोटो काढला. बोलला काही नाही. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं, दिरांच्या फोननंतर तोच फोटो डोळ्यासमोर यायला लागला. म्हणजे उद्या खरंच आग लागली तर पेटीत पिळलेल्या तारा होत्या याची चर्चा होणार, आणि फोटो त्यांच्याकडे आधीच आहे.

एजंटला फोन केला. म्हटलं रिन्यूअलला वायरिंग जुनी आहे, बोर्ड किटकॅटचा आहे असं लिहून द्यायचं का? तो म्हणाला, ताई विचारलंय का त्यांनी? मग कशाला लिहायचं, उगाच फाइल अडकेल. हा सल्ला मी घेतला नाही. पॉलिसीतच स्पष्ट आहे की घराबद्दल खरं आणि पूर्ण सांगायची जबाबदारी विमा घेणाऱ्याची, आणि क्लेमच्या वेळी एजंट समोर नसतो, आपण असतो. म्हणून एक स्टार. ह्यांचं म्हणणं पडलं की लिहून देण्यापेक्षा बोर्डच बदलू, मग लिहायलाही बरं वाटेल. बत्तीस वर्षांत त्यांचं पटकन पटलेलं वाक्य.

मिस्त्री मिळाला तो ह्यांच्या बँकेतल्या एका मित्राकडून, लायसन्सवाला ठेकेदार आहे, स्वतः काम करतो, बरोबर दोन पोरं. आला तेव्हा हातात पक्कड नव्हती, दोन मीटर होते, तिथेच मला बरा वाटला. पेटी उघडून पहिलं वाक्य, भिया ये तो म्यूझियम है. मग मेन स्विचचं झाकण काढून ह्यांना दाखवलं की त्यात फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेलाही फ्यूज आहे आणि न्यूट्रललाही. तेव्हा तसंच बसवायचे. धोका असा की न्यूट्रलचा फ्यूज आधी गेला की घरात अंधार, आपल्याला वाटतं लाइन बंद आहे, आणि प्रत्येक होल्डरपर्यंत फेज जिवंत येऊन थांबलेला. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेला माणूस खाली येतो तो असा. आमच्या सासऱ्यांना एकदा असाच जबरदस्त झटका बसला होता, तेव्हा सगळ्यांनी होल्डरला शिव्या घातल्या होत्या.

दुसरी गोष्ट अर्थिंगची, ही मला सगळ्यात जास्त लागली. त्याने प्लगच्या फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावला, एरवी लख्ख पेटायला हवा, तो नुसता लाल झाला, विझत्या उदबत्तीसारखा. मग तो त्या अर्थच्या तारेच्या मागे मागे गेला, पॅसेज, मोरी, मागचं अंगण, आणि तार जाऊन बसली होती नळाच्या पाइपवर. पूर्वी तसंच करायचे, लोखंडी पाइप जमिनीत लांबवर गेलेला असायचा, चालून जायचं. आमच्याकडे नर्मदेच्या पाण्याची जुनी लाइन गंजली म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वी प्लॅस्टिकचा पाइप टाकला. प्लंबरने पाणी चालू करून दिलं, पैसे घेतले, गेला. घराची अर्थिंग त्या दिवशी गेली आणि आम्ही खूश की नळाला प्रेशर आलं. इतकी वर्षं गीझर, फ्रिज, मशीन सगळं बिनअर्थिंगचं, मोरीत ओल्या पायांनी. मधे मधे नळाला हात लावला की मुंग्या यायच्या, आई म्हणायच्या वाताचं आहे.

मेगर, म्हणजे वायरीचं आवरण किती धड आहे ते मोजणारं मीटर, लावून वायरी तपासल्या, इन्सुलेशन निदान एक मेगाओहम तरी हवं, खालच्या दोन लाइनी अर्ध्यावरही आल्या नाहीत. म्हणून ठरलं, खालचं सगळं वायरिंग नवं, वरचं १९८६ चं तांब्याचं होतं आणि मेगरमध्ये पास झालं म्हणून ते राहू द्यायचं, फक्त वरचाही बोर्ड बदलायचा. जास्तीचं काम काढलं नाही, हे मी मुद्दाम लिहितेय.

सामान आम्ही स्वतः महारानी रोडवरून आणलं, तो बरोबर आला होता. तिथे दुकानाबाहेर टोपलीत एमसीबी, म्हणजे किटकॅटच्या जागी बसणारे आपल्याकडचे ब्रेकर, भाजीसारखे ठेवलेले असतात, स्वस्त, त्याने हातसुद्धा लावू दिला नाही. आयएसआयचा मार्क, त्याच्याजवळ सीएम/एलचा नंबर, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघायचा लायसन्स खरं आहे का, आणि बिल पक्कं. मग एमसीबीवर काय छापलंय ते वाचायला शिकवलं, मला आवडलं हे. सी १६ लिहिलंय तर १६ अँपचा, आणि सी म्हणजे पाच ते दहा पट करंटचा दणका आला की झटक्यात पडणार, मोटर, एसी चालू होताना उगाच पडू नये म्हणून. बी तीन ते पाच पटीला पडतो. चौकटीत १०००० लिहिलंय ते म्हणजे शॉर्ट झाला तर दहा हजार अँपपर्यंत तो फुटून न जाता तोडू शकतो. आणि थोडासाच ओव्हरलोड असेल तर लगेच पडत नाही, दीडपटीच्या जरा खाली, १.४५ पटीला, तासाभराच्या आत पडला तरी तो पास. तो म्हणाला म्हणून वायरीपेक्षा मोठा एमसीबी कधी लावू नका, अडीच एमएमच्या वायरीवर ३२ चा एमसीबी लावलात तर तुमच्या पिळलेल्या तारांत आणि त्याच्यात फरक काय, फक्त दिसायला नवीन. शेजारच्या काकूंकडे नेमकं तेच निघालं बरं का, दोन वर्षांपूर्वी हौसेने एमसीबी लावलेले, सगळे ३२ चे, कारण छोटे पडायचे.

काम पाच दिवस चाललं. भिंती जुन्या, चुन्यात बांधलेल्या, झिरी मारायला घेतली तर पोपडेच्या पोपडे यायला लागले, मग हॉल सोडून बाकी ठिकाणी प्लॅस्टिकची केसिंग पट्टी लावली. दिसायला काही फार सुंदर नाही, सून म्हणाली सरकारी ऑफिससारखं वाटतंय, पण भिंत राहिली. लाइट-पंख्यांना दीड एमएम, प्लगना अडीच, गीझर आणि एसीला वेगवेगळी चार एमएमची लाइन थेट डीबीतून, म्हणजे एमसीबींच्या नव्या बोर्डातून. मागच्या अंगणात खड्डा करून नवी अर्थिंग, वर झाकण, त्यात आठवण झाली की उन्हाळ्यात पाणी घालायचं. चाळीस अँपचा तीस मिलीअँपवाला आरसीसीबी. हा एमसीबीपेक्षा वेगळा, ओव्हरलोडशी याचा संबंध नाही, फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला की नाही एवढंच तो मोजतो, मधे कुठे माणसातून किंवा ओल्या भिंतीतून गळाला की तोडतो. एकूण खर्च ६८,४०० आला, त्यात मजुरी २४ हजार. रंगाचे वेगळे. अंदाजापेक्षा सहा हजार जास्त झाले पण ते अर्थिंगचे, आणि खड्डा खणायच्या आधी विचारलं होतं.

आता गंमत. सगळं झालं, मिठाई दिली, तो गेला, आणि संध्याकाळी जिन्यातला दिवा लावला की आख्ख्या खालच्या घराचा लाइट जायला लागला. दिवा लावला, अंधार. परत चढवला, दिवा लावला, अंधार. तुळशीपाशी दिवा लावताना आई म्हणाल्या हे नवीन काय आणलंत, जुनं बरं होतं, त्याच्यात निदान लाइट तरी असायचा. गल्लीतला तो पहिला माणूस नेमका त्याच वेळी टपकला, त्याला बहुतेक वास लागला असावा, म्हणाला हे आरसीसीबी असेच असतात, दोन मिनिटांत बायपास करून देतो. ह्यांनी त्याला जिन्यावरूनच परत पाठवला. मिस्त्री रात्री साडेनऊला आला, कपाळावर आठी नाही. जिन्याच्या दिव्याचा फेज खालून होता आणि न्यूट्रल १९८६ मध्ये कुणीतरी वरच्या मीटरच्या लाइनीतून घेतला होता, जवळ पडला म्हणून. चाळीस वर्षं कुणाला पत्ता नाही कारण किटकॅटला काही कळत नाही. आरसीसीबी बिचारा बघतोय की गेलेला करंट परत आलाच नाही, तो पडणारच. न्यूट्रल बदलला, दिवा लागला. त्यानंतर चार दिवसांनी गीझर लावला की पडायला लागला, तो मात्र गीझरचाच दोष निघाला, आतला एलिमेंट फुटून पाण्यात करंट देत होता. नवरात्रात त्याच गीझरच्या पाण्याने आम्ही सगळे अंघोळ करत होतो. यावर मी जास्त लिहीत नाही.

विमा नोव्हेंबरात रिन्यू केला. कंपनीला जुन्या-नव्या बोर्डाचे फोटो, ठेकेदाराचं बिल आणि त्याने सही करून दिलेला टेस्टचा कागद, मेगरचे आकडे वगैरे, ईमेल केला, आणि वर चार ओळी की खालचं वायरिंग अमुक महिन्यात बदललंय, वरचं १९८६ चं आहे आणि तपासलेलं आहे. उत्तर आलं, आपली विनंती नोंदवली आहे. विनंती मी काही केलीच नव्हती, पण ठीक, तारखेनिशी कागद त्यांच्याकडे गेला. हप्ता एक रुपयाही कमी झाला नाही. मी विचारलं, बोर्ड बदलल्याची काही सूट वगैरे? तशी सोय फॉर्ममध्ये नाही म्हणे. फ्रिज-टीव्हीसाठी वेगळा विमा सांगितला होता, तो घेतला नाही, त्याऐवजी मिस्त्रीने मेनवर व्होल्टेज जास्त झालं की तोडणारं एक यंत्र लावून दिलंय, साडेतीन हजारांत, न्यूट्रल परत तुटला तर उपयोगी पडेल असा त्याचा दावा आहे, अजून तुटलेला नाही.

आरसीसीबीवर टी लिहिलेलं छोटं बटन असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं, पडला तर चांगला. कुणाच्या लक्षात राहणार म्हणून आम्ही संकष्टी धरलीय. पहिल्याच वेळी मी ते चंद्रोदयाच्या जरा आधी दाबलं, आई पाटावर आरतीचं तबक घेऊन तयार आणि घरात मिट्ट काळोख, सून गच्चीवरून ओरडतेय चंद्र दिसला, चंद्र दिसला. आता सकाळी दाबते.

मिस्त्रीचा अर्धा स्टार कापलाय तो डीबीच्या दाराच्या आतल्या कागदासाठी. कुठला एमसीबी कशाचा ते त्याने बॉलपेनने लिहून चिकटवलंय, एक किचन, दोन गीझर, तीन हॉल, चार माताजी का कमरा, असं करत करत सातवर लिहिलंय, पता नहीं. तो बंद केला तर घरातलं काहीच बंद होत नाही, आम्ही प्रत्येक प्लगमध्ये मोबाइलचा चार्जर घालून फिरलो. येऊन बघतो म्हणालाय, दीड महिना झाला.